दुसऱ्या नजरेचा हंगाम

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की माझ्या बोटांना गंधकाचा वास लागतो आणि तो एप्रिलपर्यंत सुटत नाही. परदेशी जाणाऱ्या पेटीत घडांवर एक पांढरा कागद घालतात, समुद्रातल्या लांबच्या प्रवासात माल नासू नये म्हणून. त्याचा हा वास. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला की आधी गंधक येतो, मग आलं. परवा तो वास पुन्हा लागला आणि त्याच सकाळी टीव्हीवर कोणीतरी सांगत होतं, की तांबड्या समुद्रात जहाजांना परत धोका वाढला आहे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टीव्हीचा आवाज कमी केला. एरवी ते आवाज कमी करत नाहीत, टीव्हीशी भांडतात. मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला, आणि त्यांनाही तोच आठवला असणार.

माझं काम संशय घेण्याचं आहे. पिंपळगावजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षं तपासते. शेतकरी म्हणतो माल एक नंबर आहे, व्यापारी म्हणतो गोडी भरली आहे, मुकादम म्हणतो सगळं बघून घेतलंय. मी तिघांचंही ऐकून घेते आणि घड उलटा करते. वरून कितीही देखणा असला तरी आत एखादा फुटका मणी दडलेला असतो आणि तो एकटा सगळ्या पेटीला पुरतो. वीस वर्षं हेच केल्यावर माणसांनाही उलटं करून बघायची सवय लागते. माझा संसार दोन वर्षं चालला. त्याची कारणं इथे सांगत बसत नाही, पण तिथेही मी संशय घेतला होता आणि तो खरा निघाला, एवढं सांगून ठेवते.

हा स्वभाव वडिलोपार्जित आहे. नाना नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते. आमच्याकडे प्रेस म्हटलं की नोटांची, हे वेगळं सांगावं लागत नाही. छापून आलेले मोठाले कागद तपासायचे हे त्यांचं काम. कागद तिरपा धरायचा, उजेड त्यावरून घसरू द्यायचा आणि एखादी रेघ हललेली दिसली की खूण करायची. एकाने पास केलेला कागद मग दुसऱ्याच्या हाताखालून जायचा, आणि पहिल्याला काय दिसलं ते दुसऱ्याने विचारायचं नाही. याला नाना 'दुसरी नजर' म्हणत. घरातही तोच कायदा. माझी दहावीची गुणपत्रिका त्यांनी खिडकीशी नेऊन वाचली, चेहरा हलू दिला नाही, आणि आईच्या हातात देऊन म्हणाले, आता तू बघ. आईचं बघून झाल्यावरच पेढे आले. आई गेली तेव्हापासून दुसरी नजर माझी. आमटीत मीठ बरोबर आहे असं नाना म्हणाले तरी मी चाखते, आणि मी म्हणाले तरी ते चाखतात. त्यांच्या उभ्या नोकरीत चुकलेला एकही कागद त्यांच्या हातून पुढे गेला नाही, असं ते सांगतात. याला दुसरी नजर देणारं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून मी ते मान्य करून टाकलं आहे.

कॉलनीत आमचं एक छोटं वाचनालय आहे. पुस्तकं कमी, लाकडी खुर्च्या जास्त. दर रविवारी दहा वाजता प्रेसमधून निवृत्त झालेले सात-आठ जण तिथे जमतात आणि देश चालवतात. पण इतर कट्ट्यांवर चालवतात तसा नाही. यांनी त्याला शिफ्ट लावली आहे. प्रेसमध्ये एका आठवड्याला सकाळची शिफ्ट असली की पुढच्या आठवड्याला दुपारची. त्याच चालीवर इथे माणसाने एका रविवारी स्वतःचं मत मांडायचं आणि पुढच्या रविवारी उठून समोरच्याची बाजू लढवायची. तीही मनापासून. तो मुद्दाम ढिलं बोलला असं बाकीच्यांना वाटलं तर त्या दिवशीचा चहा त्याच्याकडून. मी सुटीच्या रविवारी मासिक बदलायला म्हणून जायचे आणि दाराजवळच्या बाकावर बसून राहायचे. शिफ्ट बदललेला माणूस बघण्यासारखा असतो. आठ दिवसांपूर्वी ज्या मुद्द्यावर मूठ आपटली, तोच खोडताना त्याला स्वतःच्याच मुठीची आठवण होते आणि तो हात खिशात घालतो.

त्या हंगामात विषय एकच होता, संक्रांतीच्या आधीपासून पुरला. देश घसरतोय का, घसरत असेल तर सरकारने किती मध्ये पडावं, आणि तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतायत म्हणून परक्यांच्या लढाईत आपलं नौदल पाठवावं का. देश घसरतोय यावर नानांचा पक्का विश्वास. लहानपणी मालेगावला आत्याकडे गेलं की यंत्रमागांच्या खडखडाटाने झोप लागायची नाही, आता तिथे भर दुपारी निवांत झोप लागते, हा त्यांचा पहिला पुरावा. दुसरा चांदवडच्या मावसभावाचा. कांदा बाहेर पाठवायला आज बंदी, उद्या परवानगी, परवा पुन्हा बंदी, आणि चाळीतला कांदा कोंब काढून सरकारच्या निर्णयाची वाट बघतोय. त्यावर नानांचा उपाय ठरलेला. सरकारने नोटा छापाव्यात, सीमा राखावी, कोर्टं चालवावीत आणि बाकी गप्प बसावं. आपल्या घराला गळती लागलेली असताना दूरच्या समुद्रात आपली जहाजं धाडायची म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं ते म्हणाले की खुर्च्या हसायच्या. ज्या सरकारने आखडता हात घ्यावा म्हणतोस त्याची पेन्शन घेताना हात पुढे कसा येतो, असं कोणीतरी विचारायचं. ती मी कमावलेली आहे, असं नाना म्हणायचे. हा सवालजवाब इतका जुना की तो झाल्याशिवाय सभा सुरू झाल्यासारखी वाटत नसे.

दुसऱ्या बाजूला निकम काका. सटाण्याकडचे, प्रेसमध्ये मशीनवर होते, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. नानांचे तीस वर्षांचे दोस्त, दोघांमध्ये अरे-तुरे. आवाज इतका खालचा की चहा मागितला तरी दोनदा विचारावं लागतं. पण त्या हंगामात त्यांना आवाज फुटला. सरकारने अंग काढून घेतलं म्हणून देश घसरतोय, ते म्हणायचे. समुद्र मोकळा राहिला नाही तर डिझेल थांबेल, खत थांबेल, द्राक्षं थांबतील; आपलं नौदल तिथे नाही गेलं तर मग ते कशाला पोसलंय. असं बोलता बोलता एकदा त्यांनी टेबलावर थाप मारली आणि बशीतला चहा नानांच्या धोतरावर गेला. नाना धोतराकडे बघत नव्हते, निकम काकांकडे बघत होते. कागद तिरपा धरल्यावर ते असेच बघत असणार.

मीही बघत होतेच. माझा स्वतःचा एक सिद्धांत आहे, आणि तो मी कोणाला सांगत नाही कारण लोक दुखावतात. देशाबद्दलच्या प्रत्येक मोठ्या मतामागे घरची एक लहान गोष्ट असते. देश बुडाला म्हणणाऱ्याच्या मुलाला नोकरी लागलेली नसते. देश महासत्ता झाला म्हणणाऱ्याच्या जावयाला लागलेली असते. सरकार नकोच म्हणणाऱ्याचा गच्चीवरचा पत्रा महापालिकेने काढायला लावलेला असतो. नानांचंही मी तपासून पाहिलं आहे. त्यांना बढती मिळाली नाही तेव्हापासून सरकार लहान असावं असं त्यांना वाटू लागलं, असा माझा अंदाज आहे. मग निकम काकांचं काय होतं? तर ते दोनदा आमच्या पॅकहाउसच्या फाटकाशी आलेले मी पाहिले होते. त्या वर्षी आमचे बहुतेक कंटेनर तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जात होते, दोन आठवडे जास्त, त्यामुळे मऊ मणी दिसला की अख्खा लॉट परत जायचा आणि फाटकावर रोज भांडणं. त्या गर्दीत काका टोपी हातात घेऊन उभे. मला बाजूला घेऊन विचारलं, अजून त्या जवळच्या वाटेने कोणाची जहाजं जातात का, आणि जातात ती पोचतात का. मी म्हटलं, काही जातात. तुमचा माल आहे का कोणाकडे? ते नाही म्हणाले आणि निघून गेले.

सटाण्याला त्यांच्या भावाचा द्राक्षमळा आहे हे मला माहीत होतं. झालं, माझ्या डोक्यात घड उलटा झाला. भावाचा माल जवळच्या वाटेने पाठवलाय, आणि तो अडकू नये म्हणून काकांना नौदल हवंय. त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना मी हे नानांना सांगितलं, आणि सांगताना मला बरं वाटत होतं. शोध लागल्याचा आनंद होता तो. नाना पानातली चटणी बोटाने एका बाजूला सारत राहिले. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की हा नुसता अंदाज आहे, याला अजून दुसरी नजर लागलेली नाही. म्हटलं नाही.

पुढचा रविवार रथसप्तमीच्या आधीचा. वाचनालयाला लागून जो हॉल आहे त्यात बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं, मधलं दार उघडं होतं, आणि तिकडून बांगड्यांची किणकिण नि गुलाबपाण्याचा वास येत होता. शिफ्ट बदललेली होती. नाना नौदल पाठवावं या बाजूने बोलले, आणि चांगलं बोलले, चहा त्यांच्यावर येणार नव्हता. मग निकम काका उठले. त्यांना आज उलट बाजू लढवायची होती. सुरुवात बरी झाली. मग ते म्हणाले, ज्यांनी जास्तीच्या पगारासाठी सही करून त्या समुद्रात जायचं ठरवलं त्यांची जबाबदारी त्यांच्यावर, सरकारने त्यांच्यामागे... आणि तिथे थांबले. पाणी प्यायले. पुन्हा म्हणाले, सरकारने त्यांच्यामागे, आणि पुन्हा थांबले. कोणीतरी म्हणालं, निकम ढिला पडला, चहा निकमकडून. हसू झालं. नाना हसले नाहीत.

"निकम, बाजू मांडायचं राहू दे," नाना म्हणाले. "खरं सांग, तुझं काय अडकलंय त्या समुद्रात?"

इतकी वर्षं त्या सभेत निकम काका शहरातलं मराठी बोलत आले होते. त्या दिवशी खाली बघून त्यांनी गावाकडच्या बोलीत एवढंच सांगितलं:

"मन्हा पोऱ्या शे तठे."

त्यांचा मुलगा प्रशांत मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे हे कॉलनीला माहीत होतं. पण जहाज आफ्रिकेला वळसा घालून जातंय, आमच्या द्राक्षांसारखंच, असं त्याने आईला सांगितलं होतं, आणि कॉलनीने आईकडून ऐकलं होतं. खरं काय ते फक्त बापाला माहीत होतं. त्या वाटेने जायला नाही म्हणायची मुभा कंपनीने दिली होती, आणि प्रशांतने नाही म्हटलं नव्हतं. तीन-चार दिवसांत जहाज त्या पट्ट्यात शिरणार होतं, मग चार-पाच दिवस फोन नाही. हे सगळं काका बोलले ते टेबलाकडे बघत, म्हणून त्यांना मधल्या दारात उभ्या असलेल्या काकू दिसल्या नाहीत. पुरुषांसाठी तिळगुळाचं ताट घेऊन त्या आल्या होत्या. आम्हाला सगळ्यांना दिसल्या. त्यांनी ताट सावकाश टेबलावर ठेवलं, एकेकाच्या हातावर तिळगूळ दिला, नवऱ्याच्याही, आणि घरी गेल्या.

मला लाज वाटली, अजून वाटते. घरची गोष्ट असणार हा माझा सिद्धांत बरोबर निघाला होता, आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. मी घडात फुटका मणी शोधत होते. आपल्या पोराच्या जिवाची काळजी माझ्या संशयाच्या यादीत नव्हतीच. माल, मळा, फायदा, इथपर्यंतच माझी नजर गेली. नाना घरी आल्यावर म्हणाले, मी विचारायला नको होतं, आणि तू सांगायला. त्यांनी स्वतःचं नाव आधी घेतलं हे मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, माझी बस यायच्या आधी, काकू दारात. कोणाला काही बोल लावायला आल्या नव्हत्या. तुझ्याकडे मोबाइलवर जहाजं दिसतात ना, एवढंच विचारलं. दिसतात. कंटेनर कुठवर पोचले ते बघायला आम्हाला तो नकाशा लागतो. निळ्यावर छोटे बाण, बाणावर बोट ठेवलं की जहाजाचं नाव. प्रशांतच्या जहाजाचं नाव त्यांनी हातावर पेनाने लिहून आणलं होतं. मी शोधून दाखवलं. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं वाकून पाहिलं आणि ठीक म्हणून गेल्या. त्यानंतर रोज साडेसहा. नाना तोवर अंघोळ आटपून बसलेले असायचे. काकू आल्या की ते वर्तमानपत्र समोर धरायचे, पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

माणसं देशाच्या घसरणीवर इतकं का बोलतात, याचा मी तेव्हा विचार करायचे, बसच्या खिडकीशी बसून. बाहेर बागांवरून धुकं उठत असायचं, पेठ-सुरगाण्याकडून कापणीला आलेल्या बायका बांधावर शेकोटी करून बसलेल्या. त्यांना देश घसरतोय की चढतोय हे कोणी विचारलं नव्हतं. मला वाटतं देश हा विषय सोपा पडतो. त्यावर बोलताना आवाज चढवता येतो, आणि चढलेल्या आवाजाखाली जे बोलवत नाही ते झाकलं जातं. सरकारने किती करावं, किती नाही, यावर निकम काका आपल्या शिफ्टचे तीन रविवार भांडले, आणि एका वाक्यात सांगता आलं असतं ते सांगू शकले नाहीत. टीव्हीवर आता जे तावातावाने बोलतात त्यांच्याकडेही मी अशीच बघते. यांचं कोण आहे तिकडे, की कोणीच नाही म्हणून आवाज एवढा मोकळा?

प्रशांत सुखरूप परत आला, हे सांगून टाकते. आता तो किनाऱ्यावरच्या कचेरीत आहे, मागच्या वैशाखात त्याचं लग्न झालं. वाचनालयात त्याला एकदा बोलावून विचारलं, आपलं नौदल दिसलं का रे तुला? तो म्हणाला, दिसलं नाही, एकदा रेडिओवर मराठी वळणाची हिंदी ऐकू आली तेव्हा फार बरं वाटलं. हे नेमकं कोणाच्या बाजूचं, यावर पुढचे दोन रविवार गेले. नानांचं मत बदललेलं नाही. सरकार लहान असावं, परक्याच्या लढाईत पडू नये, देश घसरतोयच. फक्त आता बोलायला उभं राहायच्या आधी ते खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवतात, आणि नवीन कोणी असेल तर जवळ जाऊन हळूच विचारतात की तुमचं कोणी आहे का तिकडे. शिफ्टच्या नियमात हे कुठे बसत नाही. कोणी हरकत घेतलेली नाही.

पण त्या हंगामातली एक सकाळ राहिली, ती कोणाला सांगितलेली नाही. काकू यायला लागल्या त्याचा तो चौथा दिवस. त्या यायच्या आधीच मी नकाशा उघडला आणि बाण नव्हता. धोक्याच्या पाण्यात शिरताना जहाजं आपली खूण मुद्दाम बंद करतात, हे मला माहीत होतं. खूण गेली म्हणजे जहाज गेलं असं नाही. पण हे काकूंना सांगायचं तर जहाज त्या पाण्यात शिरलं हे आधी सांगावं लागणार होतं, आणि खूण बाकीच्याही कारणांनी जाते हेही मला माहीत होतं. दाराची कडी वाजली. मी नानांना मोबाइल दाखवला, त्यांनी बघितला, आणि दार उघडायला गेले.

काकू आत आल्या. मी म्हटलं, दिसतंय काकू, पुढे सरकलंय. आयुष्यात इतकं वाईट खोटं मी बोलले नव्हते. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याही प्रेसवाल्याच्याच बायको. एकाच्या नजरेवर काही पास होत नाही हे तीस वर्षं ऐकत आलेल्या.

"नाना, तुम्ही बघा," त्या म्हणाल्या.

नानांनी चष्मा लावला. मोबाइल घेऊन खिडकीशी गेले, तिरपा धरला, उजेडात बराच वेळ पाहत राहिले. त्यावर निळं पाणी होतं आणि काही नव्हतं. मग ते वळले आणि काकूंच्या डोळ्यात बघून म्हणाले, "आहे. बघितलं मी."

काकू ठीक म्हणाल्या आणि गेल्या. नानांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत जाऊन देवघरापाशी उभे राहिले. नाना देवाचं फार करणारे नाहीत. पुढचे तीन दिवस ते माझ्या आधी उठून चष्मा लावून बसायचे. काकू येत, मी म्हणायचे दिसतंय, नाना म्हणायचे बघितलं. चौथ्या सकाळी मी नकाशा उघडला आणि बाण होता, तो पट्टा पार करून बाहेर, उत्तरेकडे तोंड करून. मी मोबाइल नानांपुढे धरला तर त्यांना अक्षरं लागेनात, नाव मला दोनदा वाचून दाखवावं लागलं. साडेसहाला अजून वेळ होता. मी चपला घातल्या आणि दारात थांबले, कारण त्यांना तर आपण रोज दिसतंय म्हणूनच सांगत होतो.

"नाना, काकूंना काय सांगू?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"सांग, अजून आहे म्हणून."